घर पाहावं दुपारी दोनला

आमच्या घरमालकांच्या हातात कोणतीही वस्तू आली की ते आधी ती वाजवून बघत. नारळ, टरबूज, मातीचा माठ हे तर सगळेच वाजवतात. हे गृहस्थ गॅसचं सिलिंडर वाजवत, शाळेचा बाक वाजवत, नव्या भाडेकरूची लोखंडी पेटी वाजवत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं हाड पुढं काढून दोनदा टकटक करायचे, मान तिरपी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच. आवाज खणखणीत आला तर "बोलून राह्यलं", नाही आला तर "बद्द हाय". एकदा खोकला हटेना म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाठ ठोकून पाहिली, तर हेच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, उजव्या अंगानं बद्द वाजलं. अजून एकदा ठोका." डॉक्टरांनी ठोकलं आणि मुकाट्यानं एक्सरे लिहून दिला. उजव्या बाजूला खरंच पाणी झालं होतं.

चंद्रपुरात, कोटाच्या बाहेर, त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही पाच वर्षं भाड्यानं राहिलो. त्याआधी मी धानोऱ्याकडच्या एका शाळेत शिकवत होते, तिथून बदली होऊन इकडे आले. नवऱ्याची नोकरी सिंदेवाहीला. तो शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचा आणि सोमवारी पहिल्या बसनं जायचा. बाकीचे दिवस घरात मी आणि माझी मुलगी.

घरमालकांनी उभी हयात भूमिगत कोळसा खाणीत काढली होती, 'सरदार' म्हणून. खाणीतला सरदार म्हणजे पाळी सुरू होण्याआधी एकट्यानं आत जाऊन छत तपासणारा माणूस. लांब काठीनं छताला ठोकायचं, आवाज ऐकायचा, छत धड असेल तर तिथंच खडूनं तारीख, वेळ आणि सही करायची, मग माणसं आत सोडायची. निवृत्त होताना त्यांनी काठी जमा केली, पण सवय कुठं जमा करणार? सगळा मोहल्ला त्यांना सरदारभाऊ म्हणायचा. नवा पोस्टमन एकदा त्यांचं पत्र घेऊन पगडीवाला माणूस शोधत गल्लीभर हिंडला होता.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ते आमच्या खोल्यांत येत. भाडं न्यायला कधीकधी विसरत, भिंती वाजवायला कधीच नाही. भिंतीला डावा तळवा लावायचा, उजव्या बोटानं ठोकायचं, आणि शेवटी दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख-वेळ. मी संध्याकाळी ओल्या फडक्यानं ते पुसून काढायची. पुढच्या महिन्यात पुन्हा. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, मागच्या महिन्यात तर पाहिलं होतं!"

"पाह्यलेलं शिळं होते, बाई," ते शांतपणे म्हणाले. "सकाळचं पाह्यलेलं दुपारी नाई चालत. तुम्ही महिन्याचं म्हणून राह्यल्या."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. त्यांच्या बायकोनं तर आयुष्यभर ऐकलं होतं. काकू एकदा सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, मला म्हणाल्या, "लग्नाआधी पाहाले आले होते ना, तं माह्या बापाच्या घराच्या साऱ्या भिती ठोकून पाह्यल्या ह्यायनं. मले पाह्यलंच नाई. पोहे खाऊन चालले गेले." सरदारभाऊ ओसरीवरूनच ओरडले, "घर बोलून राह्यलं होतं ना! मंग पोरगी काऊन वाईट निघन?" काकू लाजल्या. सत्तरीला टेकलेली बाई पण लाजली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तर अशा माणसाकडं लोक घर पाहायला बोलवायला येणार हे ठरलेलंच. कोणी प्लॉट घेतोय, कोणी जुनं घर घेतोय, सरदारभाऊंना नेल्याशिवाय व्यवहार पुढं सरकत नसे. ते पैसे घेत नसत. चहा घेत, तोही घर पाहून झाल्यावर; आधी घेतला तर कानाला भीड पडते म्हणत. फक्त त्यांच्या अटी ऐकाव्या लागत आणि त्या सगळ्या वेळेच्या होत्या. एकदा इसार द्यायच्या आधी पाहायचं. दुसऱ्यांदा विकणाऱ्याचं सामान निघून घर पूर्ण रिकामं झालं की पाहायचं, कारण लोक कपाटं नेमकी ओल आणि भेगांपुढं उभी करतात. तिसऱ्यांदा रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळी. आणि यातली निदान एक पाहणी दुपारी दोनच्या सुमाराला, कामाच्या दिवशी. आमच्याकडे उघड्या खाणींत त्या वेळेला सुरुंग उडतात. आधी भोंगा होतो, मग पायाखालून एक घुर्र जाते, मांडणीतली भांडी किणकिणतात आणि जो तो आपल्या कामाला लागतो. इथल्या माणसाला ते ऐकूही येत नाही. सरदारभाऊंना मात्र घर ओळखायला तीच वेळ हवी असायची.

धानोऱ्याकडून बदलून आलेला एक कारकून त्यांच्याकडे रजिस्ट्री झाल्यावर आला होता. नवं घर घेतलं, आता जरा पाहून द्या म्हणाला. हे गेले, पाहिलं, परत आले आणि दिवसभर धुसफुसत राहिले. शेवटी काकूंनी विचारलं तर म्हणाले, "आता पाहून का करू? लगन झाल्यावर पत्रिका दाखवून राह्यला तो." पण पुढचे तीन रविवार थापी आणि सिमेंट घेऊन त्याच कारकुनाच्या मोरीत हे बसलेले होते. जाताना बडबडत जायचे, येताना गाणं गुणगुणत यायचे.

मला हे सगळं माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

मुलगी दहावीला गेली तेव्हा मी घर घ्यायचं मनावर घेतलं. दोन खोल्यांत तिला अभ्यासाला जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली फतकल मारून बसायची, फोडणी दिली की वही झाकायची. मला तिच्यासाठी एक खोली हवी होती, दार लावून घेता येईल अशी. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तू पाहून घे, मले तुझ्यावर भरोसा आहे." नवऱ्याचा भरोसा ही फार सोयीची गोष्ट असते, त्याच्यासाठी.

घर मिळालं ते शहराच्या टोकाला. पुढं दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागं घराला लागून वेगळी बांधलेली एक खोली. तिला पूर्वेकडं खिडकी, खिडकीबाहेर सीताफळाचं झाड. मी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि मनातल्या मनात मुलीची खाट मांडून मोकळी झाले. उत्तरेच्या भिंतीला खाट, खिडकीशी टेबल. टेप घेऊन मापंही घेतली. घराचे मालक निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला चालले होते. माणूस सभ्य होता, हळू बोलणारा. म्हणाले, "अजून एक गिऱ्हाईक आहे. दसऱ्याला ज्यानं इसार दिला, त्याचं घर."

मी धावतच सरदारभाऊंकडे आले. "भाऊ, रविवारी चला."

"रविवारी नाई येत."

"का?"

"रविवारी ब्लास्टिंग नसते. रविवारी घर बी सुट्टीवर असते, बाई. सोमवारी दोन वाजता चला."

सोमवारी माझ्या शाळेत सहामाही परीक्षा. मंगळवारी परीक्षा. रजा मागायची सोय नव्हती, आणि पुढं लगेच दसरा. मी म्हटलं, तुम्ही एकटे जाऊन या. तर म्हणे, घेणाऱ्यानं सोबत असलं पाहिजे, दुसऱ्याच्या कानानं घर घेऊ नये. मला असा राग आला! पाच वर्षं यांच्या खडूच्या खुणा पुसल्या, आता माझं घर यांच्या भोंग्यासाठी थांबणार? मी दसऱ्याला सकाळी नवऱ्याला घेऊन गेले आणि इसार देऊन आले.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. त्यांनी पेढा हातात घेतला, तो मात्र वाजवला नाही, आणि खाल्लाही नाही.

"पावती लिवली?"

"लिहिली."

"रिकामं घर पाहून मंग रजिस्ट्री, असं लिवलं का त्याच्यात?"

लिहिलं नव्हतं. ते उठले, आत जाऊन चप्पल घालून आले आणि म्हणाले, "चला. सोनं वाटाले त्यायच्या घरी जाऊ आन् एक ओळ लिवून घेऊ." सणाच्या दिवशी, आपट्याची पानं हातात घेऊन, हा म्हातारा माझ्यापुढं चालत निघाला. मालकांनी काही कुरकुर केली नाही. पानं दिली-घेतली आणि ती ओळ लिहून खाली सही केली. मला वाटलं, उगाच चांगल्या माणसाला दुखावलं. परतीच्या वाटेवर मी सरदारभाऊंच्या चार पावलं पुढं चालत राहिले.

दिवाळीनंतर मालकांनी सामान हलवलं. त्यांची बायको सामानाबरोबर पुढं गेली, ते स्वतः व्यवहार उरकेपर्यंत शेजाऱ्याकडे राहिले. शाळेला अजून सुट्टी होती. मंगळवारी दीड वाजता आम्ही तिथं पोचलो. सरदारभाऊ, मी, मुलगी आणि मालक. रिकाम्या घरात बोलणं घुमत होतं. भाऊंनी पुढच्या खोलीपासून सुरुवात केली. तळवा, टकटक, मान तिरपी. "बोलून राह्यलं." दुसरी खोली. "बोलून राह्यलं." स्वयंपाकघर. "बोलून राह्यलं." माझा चेहरा फुलत चालला. मुलगी पण मागून हळूच भिंती वाजवत होती.

मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं तिथं भिंतीवर त्याचा चौकोनी डाग राहिला होता. त्या डागाच्या कडेला, उत्तरेची भिंत जुन्या घराच्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात, लांबीनं बुजवलेली एक रेघ छतापासून जमिनीपर्यंत आली होती. भाऊंनी ठोकलं. परत ठोकलं. निकाल दिला नाही. घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, "इथी या, बाई. एक हात ह्या भितीले लावा, एक त्या भितीले. आन् उभ्या राहा."

मला ते सगळं पोरकट वाटत होतं. तरी उभी राहिले. दूर भोंगा वाजला. थोड्या वेळानं घुर्र आली, रोज येते तशीच. पण त्या दिवशी माझे दोन्ही हात दोन भिंतींवर होते, आणि डावी, जुन्या घराची भिंत जिथल्या तिथं असताना उजवी माझ्या तळव्याखाली बाहेर सरकली आणि परत आली. फार नाही, सुपारीएवढीही नाही. पण सरकली. मी हात काढले आणि मुलीला आधी खोलीबाहेर ढकललं.

मालक म्हणाले, "हे तर रोजचंच आहे. लांबी भरून चार वर्षं झाली, काही झालं नाही."

भाऊंनी खिशातून पतंगाचा कागद काढला, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि डब्यात आणलेल्या शिजल्या भातानं त्या चिकटवल्या. पुढच्या खोल्यांच्या कोपऱ्यांत एकेक आणि या कोपऱ्यात तीन. प्रत्येकीवर तारीख, वेळ. "आठ दिवस," ते म्हणाले. मालकांना पहिल्यांदा राग आला. म्हणाले, दुसरं गिऱ्हाईक अजून फोन करतंय, आठ दिवस कशाला थांबू?

घरी आल्यावर मी ओसरीवरच भांडायला उभी राहिले. भीती वाटली होती ना, मग भांडण तर होणारच. "तुम्हाला कधी कोणतं घर पसंत पडतं का हो? थोडी लांबी भरली की झालं असतं. माझ्या मुलीची एक खोली होती, ती पण तुम्हाला बघवली नाही!" काकू आतून बाहेर आल्या, पण भाऊंनी त्यांना हातानं थांबवलं.

"बसा," ते म्हणाले. मी बसले नाही. ते बोलत राहिले, माझ्याकडे न बघता.

"पहिल्या पाळीले मी छत ठोकलं होतं. चांगलं बोललं. खडूनं टाइम लिवला. मंग वर गाडीचा दोर अटकला, तं माणसं दीड घंटा उशिरा आत आली. आन् मी मनलं, पाह्यलं तं आहे. पुन्हा नाई ठोकलं. वरून दगड सुटला. एका पोराचा पाय गेला, बाई. गुडघ्यापासून. चौकशी झाली तं साहेबायनं माही खूण पाह्यली, टाइम पाह्यला, मनले, सरदारची चूक नाई. मले सोडलं. मी खोटं नाई पाह्यलं होतं. पण दीड घंट्याआधी पाह्यलं होतं."

काकू दाराला धरून उभ्या होत्या. मी हळूच खाली बसले. पाच वर्षांत मी त्यांच्या सवयीला किती हसले होते ते एकेक आठवायला लागलं आणि मला माझीच लाज वाटली.

पुढचे आठ दिवस ते रोज दुपारी सायकलवर तिथं जायचे. मी पण जायची, शाळा सुरू झाल्यावर माझ्याऐवजी मुलगी जायची. तिची शाळा सकाळची होती. मालक सुरुवातीला बाहेर अंगणात उभे राहायचे. चौथ्या दिवशी आत आले. मुलगी सांगत होती, त्या दिवशी घुर्र आली तेव्हा त्यांनी स्वतःच कोपऱ्यात हात लावून पाहिला आणि चटका बसावा तसा मागं घेतला.

आठव्या दिवशी शाळा होती, पण मी अर्धी रजा टाकली. पुढच्या खोल्यांतल्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. मागच्या कोपऱ्यातल्या तिन्ही मधोमध फाटल्या होत्या.

"घर चांगलं आहे," भाऊ म्हणाले. "ही खोली मागून जोडली, पाया वेगळा, वरवरचा. काळ्या मातीवर बसवली आन् जुन्या भितीत विटा गुतवून दात नाई धरले. ही घराची नाईच होय."

मी मालकांकडे वळले. तोंडापर्यंत आलं होतं, की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही कपाट लावलंत. भाऊंनी माझ्याआधी विचारलं, पण वेगळंच विचारलं. "इथी कोण झोपे?"

मालक खिडकीबाहेर बघत होते. "मुलगा," ते म्हणाले. "बारावी होईपर्यंत. ह्याच भिंतीला खाट होती." मग खाली उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. भाऊ त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमाले बी कोणी वेळेवर नाई सांगतलं. पोरगा चांगला आहे ना आता? मंग झालं."

थोड्या वेळानं मालक उठले. म्हणाले, "रजिस्ट्रीच्या आधी पाडून देतो. माझ्या हातानंच पाडून देतो. किंमत त्या हिशेबानं लावा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय हे घर दाखवू आता?"

पाडायला दोन मजूर आणले होते. छताचे पत्रे आधी उतरवले. मालकांनी पहार हातात घेतली, मजूर नको नको म्हणत होते. कोपऱ्यात बाहेरून पहार घालून त्यांनी एकदा रेटलं, दुसऱ्यांदा रेटलं, आणि उत्तरेची भिंत आख्खी, एका तुकड्यात, आत पडली. धूळ बसेपर्यंत कोणी हललं नाही. विटांचा ढीग बरोबर तिथं पडला होता जिथं मी टेपनं मापून मनात मुलीची खाट लावली होती. एवढी मोठी भिंत आणि तिला दोन रेटे पुरले. मुलगी माझा हात धरून उभी होती, तिनं तो इतका आवळला की बांगडी रुतली.

"आई," ती म्हणाली, "मी इथंच अभ्यास करीन. इथं ऊन छान येते."

आणि तिनं केला. त्या थंडीत आम्ही राहायला गेलो तेव्हा मागं नुसती मोकळी जागा, फरशी आणि सीताफळाचं झाड होतं. तिथं खुर्ची टाकून तिनं दहावी काढली. पुढं त्याच जागी चांगला पाया घेऊन खोली बांधली, ती गोष्ट वेगळी.

पण मी सांगत होते भिंत पडली त्या दुपारचं. मालक पहार टेकवून घाम पुसत होते. सरदारभाऊ विटांच्या ढिगाकडे बघत अगदी ताठ उभे होते. मला काय झालं कोणास ठाऊक, मी पुढं गेले आणि त्यांच्या पायांशी वाकले. ते घाईघाईनं मागं सरले.

"नाई बाई, नाई. मी का केलं? ह्या टायमाले वेळेवर होतो, बस." एवढं बोलले आणि त्यांचा आवाज फुटला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस भर दुपारी आमच्या सगळ्यांसमोर रडला, आणि डोळे पुसायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

ते नको नको म्हणत असतानाच मी पाया पडले. त्यांचं मी ऐकलं होतं कधी?